नववी सीट

दापोडीतल्या फाटलेल्या सीटची ती घटना अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

पोलीस दलातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी वस्तीतल्या समेट गटात विनामोबदला काम करू लागलो. किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाला बाल न्याय मंडळ आमच्याकडे पाठवते. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासमोर तो बसतो, केलेले सांगतो, भरपाईचे काम करतो. सगळ्यांनी सह्या केल्या तर प्रकरण मिटवण्याची शिफारस आम्ही करतो. एकानेही नकार दिला, तर मुलगा पुन्हा मंडळापुढे.

सोळा वर्षांच्या मुलाने ब्लेडने दुचाक्यांच्या सीट फाडल्या होत्या. एका दुकानदाराने खबर दिली, कॅमेऱ्यात तो दिसलाही. तक्रारीत आठ गाड्या होत्या. मी गल्लीत फिरलो तेव्हा कंपनीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी आपलीही सीट दाखवली. ती मी यादीत नववी म्हणून लिहिली. पोलीस ठाण्यातली जुनी सवय. एक आरोपी सापडला की हद्दीतले उघड न झालेले बाकीचे गुन्हेही त्याच्याच नावावर.

यादी समोर ठेवून मी विचारले, "या नऊही तूच फाडल्यास ना?"

"हो, सर."

दोन मिनिटांत कबुली. मला बरे वाटले.

रविवारी सकाळी विहाराच्या सभागृहात बैठक झाली. गाड्यांनी क्रिकेटची जागा अडवली, चेंडू लागला की शिव्या मिळायच्या, त्या रागातून केले, असे त्याने आठ जणांना एकेक करून सांगितले.

"अरे, मग मला सांगायचंस ना! चार दिवस सीटवर पिशवी बांधून फिरले मी," एक बाई म्हणाल्या. थोडे हसू झाले.

काकांपुढे मात्र तो गप्प.

"बगा, मस्ती जात न्हाई ह्याची," काका म्हणाले. "आमी सही करनार न्हाई. जाऊ द्या आत."

दाराशी बसलेली मुलाची आई उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली.

भरपाई म्हणून मुलगा सीट कव्हर शिवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली त्याच सीट दुरुस्त करत होता. मी तिथे गेलो, तेव्हा कारागिराने काकांची सीट माझ्यापुढे धरली.

"सायेब, ब्लेडनं एकच चीर पडती. हितं शेजारी शेजारी चार रेघा हायेत. मांजराची नखं ही. अशा किती येत्यात माझ्याकडं!"

मी मुलाकडे वळलो. "मग हो का म्हणालास?"

"तुम्ही नऊ लिहूनच आणलं होतं, सर."

तशीच सीट उचलून आम्ही काकांकडे गेलो. त्यांनी रेघांवरून बोट फिरवले.

"आयला, आमचीच मनी व्हय ही!" त्यांनी सही केली आणि मुलाला म्हणाले, "बोलायचं व्हतं की रं, लेका."

मुलाने माझ्याकडे पाहिले फक्त.

नोकरीत मी भरपूर गुन्हे उघडकीस आणले, त्याबद्दल शाबासकीही घेतली. घरखर्चाचा प्रत्येक आकडा तपासून घेण्याची माझी सवय घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण आठाचे नऊ असे किती वेळा झाले, ते आता मोजायला मार्ग नाही. झटपट कबुली मिळाली तर आधी आपला प्रश्न तपासावा, एवढे मी त्या मुलाकडून शिकलो.

मंडळाला पाठवायच्या अहवालात नऊ खोडून आठ केले आणि शेजारी सही केली. तसली खाडाखोड नोकरीत मी एकदाही केली नव्हती.