गुडघ्यावरचं ऊन

परवा ऑफिसात खिडकीपाशी बसणाऱ्या बाईंनी दुखऱ्या मानेला जेल चोळलं आणि त्या गारढोण वासासरशी मला गास गावातलं आमचं अंगण आठवलं. केळीच्या वाडीत राबून राबून आईचे गुडघे धरले होते, म्हणून डॉक्टरांनी असलंच जेल दिलं होतं. आमच्याकडे तेल चोळलं की ते मुरेपर्यंत उन्हात बसायची रीत. आईने जेल लावूनही तेच केलं. लुगडं वर सारून, केळींकडे तोंड करून ती ओट्यावर बसली. ऊन कडक आहे म्हणून मी हटकलं तर म्हणाली, "उनानं कोनाचं वाईट झालंय?" संध्याकाळी गुडघे लालबुंद झाले, सकाळी फोड टरारून आले. डॉक्टर म्हणाले, "मावशी, हे औषध कातडीत मुरतं. ऊन लागलं की आतल्या आत त्याचं रूप बदलतं आणि ते पेशींची आवरणंच जाळतं. आता काही महिने ऊन टाळा." फोड सुकले, पण नुसता कवडसा पडला तरी पायांची आग व्हायची. आई मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून राहिली. पुढे डॉक्टरांनी उन्हाची परवानगी दिली, तोवर गुडघे पार आखडले होते. मी खिडकी उघडली, तर तिने घाईने गोधडी पायांवर ओढली. वाडी तिने पुन्हा पाहिली नाही. परवा मी उठून ऑफिसच्या खिडकीचा पडदा ओढला आणि बाईंना कारण सांगितलं. सांगायला दोन वाक्यं पुरली. जेल देताना आईला ती कोणीच सांगितली नव्हती.