धारेशिवाय हत्यार द्यायचं नाही

दुकानात येऊन हत्याराचा फोटो काढायचा आणि बाहेर पडून तेच हत्यार फोनवर मागवायचं, अशा माणसाला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. चोर म्हणावं, तर त्यानं काही उचललेलं नसतं. उलट जाताना "येतो हं काकी" म्हणून जातो. आमचे हे तर त्याला चहासुद्धा पाजायचे. मी मागच्या टेबलापाशी बसून बघत असायचे आणि माझ्या डोक्यात सणक जायची.

रत्नागिरीत गाडीतळाच्या बाजूला आमचं सुतारी हत्यारांचं दुकान होतं. सासऱ्यांनी काढलेलं, पुढे ह्यांनी चालवलं. मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेल्यावर मीही तिथेच बसायला लागले, कारण घरात एकटीनं भिंतींशी काय बोलायचं. रंधे, पटाश्या, करवती, गिरमिटं, कानशी, बस. खिळे, रंग, नळ असलं काही ठेवायचं नाही. लोक म्हणायचे, जरा हार्डवेअर ठेवा, बरं पडेल. हे म्हणायचे, त्याला दुसरी दुकानं आहेत. हट्टी माणूस. पण त्या हट्टावरच आमचं घर चाललं, मुलगी शिकली, म्हणून मीही कधी फार ताणलं नाही.

दुकानाचा एकच नियम होता, धारेशिवाय हत्यार द्यायचं नाही. पटाशी कारखान्यातून येते ती नुसता उतार काढलेली असते, धार लावलेली नसते. तिनं लाकूड कापत नाही, फाटतं. रंध्याच्या पात्याचंही तेच. दुसरे दुकानदार खोक्यातून काढून तसंच हातात ठेवतात, पुढचं सुतार बघून घेईल. आमच्याकडे गिऱ्हाइकानं रंधा पसंत केला की हे सहाणेवर तेल टाकून पातं घासायचे, परत रंध्यात बसवायचे आणि गल्ल्याशेजारी फणसाच्या लाकडाचा ठोकळा कायम पडलेला असायचा, त्यावर रंधा मारायचे. पिवळा पातळ पापुद्रा मधे न तुटता अखंड निघाला, की मगच रंधा कागदात गुंडाळायचा. पटाशी असेल तर त्याच ठोकळ्याची एक ढलपी काढायची. तो पापुद्रा नाहीतर ती ढलपी सुतार खिशात घालून घरी न्यायचा, नव्या हत्याराबरोबर देवापुढे ठेवायला. ही पद्धत कुणी पाडली देव जाणे. पण एखादा विसरून निघाला तर हे त्याला रस्त्यावरून हाक मारून परत बोलवायचे.

ह्या सगळ्याला वेळ लागायचा आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. तेव्हा दाराच्या चौकटी फणसाच्या नाहीतर आईनाच्या व्हायच्या, मिरकरवाड्याला होड्यांची कामं असायची, आंब्याच्या पेट्या लाकडाच्या होत्या. आता पेटी पुठ्ठ्याची, चौकट सिमेंटची, होडी फायबरची. फर्निचर करणारे बाहेरून येतात, प्लायवूड मशीनवर कापतात आणि जातात. तरी हाताची हत्यारं घेणारे सुतार होते. कमी झाले होते, पण होते. ते ह्या मेल्या फोननं नेले.

भावाचं तर विचारूच नका. मुंबईचा व्यापारी आम्हाला ज्या भावात माल द्यायचा त्याहून कमी भावात फोनवरून घरपोच. मी मुंबईला फोन करून त्याच्याशी भांडलेसुद्धा. तो म्हणाला, "वहिनी, मलाच त्या भावात मिळत नाही, तुम्हाला कुठून देऊ?" मी फोन ठेवला.

आणि कहर म्हणजे, फोनवरून मागवलेलं तेच हत्यार घेऊन लोक आमच्याकडे यायचे. "भाऊ, जरा बघा ना, लाकूडच धरत नाय." की ह्यांनी सहाण पुढे ओढलीच. एकदा मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हटलं, "जिथून आणलंत तिथेच पाठवा की धारेला." तो बिचारा ओशाळला. हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसल्यावर म्हणाले, "हत्यारानं काय गुन्हा केलाय? ते का बोथट राहील?"

"धर्मार्थ दवाखाना काढलाय का तुम्ही?" मी म्हटलं.

"काढलाय असं समज. भात वाढ."

अशा माणसापुढे हात टेकायचे नाहीतर काय करायचं.

गाळा भाड्याचा होता आणि मालकाला तो परत हवा होता. दिवाळीपर्यंत बघू, म्हणाला, तुमचं चाललं तर राहा, नाहीतर मोकळा करा. मुलगी केव्हाची म्हणत होती, बंद करा आणि आमच्याकडे या. जावई चांगले आहेत. पोटापाण्याची काळजी नव्हती. मला काळजी ह्यांची होती. रविवारी दुकान बंद असलं की ह्यांना घरात बसवत नसे. उठून दाराची बिजागरी बघतील, खिडकी हलवून बघतील, मग नुसतेच अंगणात उभे. मागे एकदा काविळीनं बरेच दिवस घरी पडले होते, तर आजार बरा होत आला आणि ह्यांचं बोलणं बंद झालं. मी काही विचारलं की मान हलवायची. पुन्हा दुकानात जायला लागले आणि पहिल्याच दिवशी घरी येऊन बाजारभावापासून सगळं बडबडले. तेव्हाच मी मनात धरलं होतं, दुकान गेलं तर हा माणूस जिवंत असूनही माझ्याजवळ राहायचा नाही. म्हणून एवढी भांडकुदळ बाई मी, पण दुकान बंद करा असं तोंडातून कधी काढलं नाही.

अशात एक दिवस त्या फोनवरून माल विकणाऱ्यांचा, गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस आला. आसपासच्या वाड्यांवर पार्सलवाल्यांना घरं सापडत नाहीत, पावसात तर नाहीच, तेव्हा तुमचं दुकान आमचं केंद्र करू, असं त्याचं म्हणणं. सुतारी सामानाची पार्सलं इथे येतील, लोक येऊन घेऊन जातील, दर पार्सलामागे तुम्हाला काहीतरी मिळेल. मी म्हटलं, "ज्यांनी आमचा गळा धरला त्यांचाच माल आम्ही वाटायचा?" तो हसला. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. ह्यांनी मात्र एवढंच विचारलं, "दुकान उघडं राहील ना?"

राहील म्हणाला, आणि ह्यांनी होकार दिला.

मग रोज टेम्पो यायचा आणि आमच्याच फळ्यांवर, आमच्या हत्यारांच्या पुढ्यात, परक्यांची खोकी लागायची. मला ते बघवत नव्हतं. ह्यांना चालायचं. खोकं हातात घेऊन हलवलं की आत काय आहे ते सांगायचे. गिऱ्हाईक आलं, की "उघड, उघड, बघू तरी" म्हणून त्यालाच उघडायला लावायचे, मग तेल, सहाण, ठोकळा, पापुद्रा, सगळं साग्रसंगीत. "माल त्यांचा असेल, पण हत्यार आपल्याकडून गेलं," असं मला म्हणायचे. चेहऱ्यावर जरा तुकतुकी आली होती. मग मीही माझं तोंड आवरलं. भाडं निघत होतं. दिवाळी पार पडेल असं वाटायला लागलं होतं.

श्रावणाच्या तोंडावर एका दुपारी टेम्पोतून एक खोकं आलं ते बुडाशी भिजून फुटलेलं. आतल्या पटाश्या दिसत होत्या. पत्ता पावस गावाच्या बाजूच्या एका सुताराचा. हा आमच्याकडचा जुना माणूस, त्याच्या बापाची हत्यारंसुद्धा सासऱ्यांच्या हातची. ह्यांनी पटाश्या बाहेर काढल्या. दोघींवर तांबूस डाग आले होते आणि एकीची मूठ खुळखुळत होती.

मी म्हटलं, "त्या लोकांना फोन करून कळवा, खोकं फुटलंय म्हणून. आपण हात लावायला नको."

"कळवून होईतो गंज धरेल अगं."

"धरू दे ना. तुमच्या आहेत का त्या?"

ऐकतील तर शपथ. पुसल्या, डाग घासून काढले, मूठ घट्ट बसवली आणि सगळ्यांना एकेक करून धार लावली. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतंच, संध्याकाळपर्यंत हेच चाललं होतं. तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या. लग्नाच्या मुलीची तयारी करावी तशी माया करत होते.

दुसऱ्या दिवशी तो सुतार आला. "भाऊ, डबा कुणी फोडलान?"

ह्यांनी सगळं सांगितलं. ठोकळ्यावर पटाशी चालवून ढलपी काढून दाखवली. सुतारानं अंगठा धारेवरून फिरवला, "बरं" म्हणाला, पुडकं उचललं आणि गेला. ढलपी गल्ल्यावरच राहिली. ह्यांनी हाक मारली, पण तो पावसात गाडी सुरू करत होता. ऐकू गेलं नसेल, असं हेच म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या लोकांचा फोन आला. बोलणारा माणूस अदबीनं बोलत होता, सर सर करत होता. ह्यांनी फोन मोठ्यानं लावला होता म्हणून मलाही ऐकू येत होतं. झालं होतं ते असं. सुतारानं दोन ठिकाणांहून दोन संच मागवले होते, बघून एक ठेवायचा आणि दुसरा परत करायचा म्हणून. आमच्याकडचा परत पाठवला, तर त्यांनी घेतला नाही. धार काढलेली दिसतेय, वापरलेला माल आहे, म्हणाले. मग सुतारानं तक्रार केली की मी वापरला नाही, केंद्रातल्या माणसानं माझं पार्सल उघडून घासलं.

"खोकं आधीच फुटलेलं होतं," हे म्हणाले. "आणि पटाश्यांना धार नव्हती."

"सर, पार्सल उघडायचं नसतं."

"अहो, पण धारच नव्हती त्यांना. तशा कशा देणार माणसाला?"

"सर, धार हा आपला विषय नाही."

पलीकडचा पुढे बरंच काही सांगत होता, नियम, विश्वास, काय काय. शेवटी म्हणाला की तुमचं केंद्र बंद करतोय. ह्यांनी "बरं" म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला, कारण तो बंद कसा करायचा हे ह्यांना कधीच नीट जमलं नाही.

सुतार नंतर आला होता. स्वतःहून आला, एवढं त्याचं मानलं पाहिजे. पायरीवरच उभा राहिला. "भाऊ, तुमचं केंद्र जाईल असा वाटला नव्हता. मी आपला माझ्या पैशासाठी लिवलंय."

मी तोंड उघडणार होते. चांगलं सुनावणार होते त्याला, त्याच्या बापापासून सुरुवात करून. हे मधे म्हणाले, "तुझं बरोबर आहे रे. तू कशाला नुकसान सोसायचंस?" आणि मग लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "चालतात ना पण पटाश्या? लाकूड कसं धरतात?"

"हात नाय लावला भाऊ," तो म्हणाला. "परत करायच्या व्हत्या ना. तशाच पुडक्यात हायत."

ह्यांनी मान हलवली. तो गेल्यावर मी काय काय बोलले ते मला आठवतही नाही. हे ऐकत होते की नव्हते कुणास ठाऊक. ठोकळ्यावरची धूळ हातानं पुसत राहिले. त्या दिवसापासून धारेला आलेलं हत्यार हे घेईनात. "आता होत नाही," एवढंच सांगायचे. हाताला काही झालेलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी गाळा दिला. कुणी सोडायला लावला असं नाही, हेच मालकाकडे जाऊन आले. माल एका जुन्या सामानवाल्यानं घाऊक उचलला. हत्यारं टेम्पोत भरताना मी रडले. हे पलीकडच्या फुटपाथवर उभे होते, जणू दुसऱ्या कुणाचं बिऱ्हाड हलतंय. मुलगी घ्यायला आली तर म्हणाले, तू हिला घेऊन जा हवं तर. मी कुठली जाते ह्यांना सोडून.

आता हे दिवसभर घरी असतात. बिजागरी बघत नाहीत, खिडकी बघत नाहीत. पडवीत खुर्चीवर बसतात. जेवायला हाक मारली की येतात, चव विचारली की चांगलीय म्हणतात. मला भांडायलासुद्धा माणूस उरलेला नाही.

परवा बांगडे घेतले होते. विळी इतकी बोथट झालेली की मासा कापला न जाता चिरडायला लागला. इतक्या वर्षांच्या संसारात विळीला धार लावा असं मला ह्यांना कधी सांगावं लागलं नव्हतं, माझ्या हाताला कळायच्या आधी ह्यांना कळायचं. मी मुद्दाम विळी घेऊन पडवीत गेले. मनात म्हटलं, धरतील हातात, बसतील घासत, निदान माझ्यावर खेकसतील की इतकी होईपर्यंत काय झोपली होतीस.

"अहो, हिला जरा धार लावता का?"

ह्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. विळी खाली ठेवली.

"नवीन मागव ना," म्हणाले. "फोनवर मिळते."

मला वाटलं टोमणा मारताहेत. माझ्या जीवात जीव आला, म्हटलं, मारा, हवे तेवढे मारा. पण आवाजात तसलं काही नव्हतं. राग नव्हता, चेष्टा नव्हती. "खरंच सांगतोय," म्हणाले, "स्वस्त पडते," आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसले.

मी विळी उचलून आत आले आणि तिच्यावरच ते बांगडे कसेबसे तोडले. कालवणात काटेच काटे आले. हे एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवत शांतपणे जेवले आणि हात धुवायला उठले.