दगडाखालची चिठ्ठी

संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन वाजला तेव्हा मी ओसरीत मेथी निवडत बसलो होतो. पलीकडे कमलाबाई होत्या, आमच्या वाचनालयात झाडलोट करणाऱ्या, संध्याकाळी खिडक्या लावायला येणाऱ्या. त्या म्हणाल्या, "सर, मेश्रामजी उठून नाही राह्यले जी." मला आधी रागच आला. म्हटलं, झोपलेत तर हलवून उठवा, त्यात मला काय फोन करता? कमलाबाई म्हणाल्या, "हलवलं जी. अंग थंडं हाये." घरातून बायको विचारत होती, कोणाचा फोन, कोणाचा फोन... आणि मला तिला सांगता येईना. कारण अडीच तासांपूर्वी मी त्याच माणसाच्या टेबलापाशी उभा होतो, त्यांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून पायांचा आवाज न करता परत फिरलो होतो.

सुखदेव मेश्राम मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. किती वर्षं, ते मोजायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. मी हेडमास्तरकीतून निवृत्त झालो आणि वाचनालयाच्या समितीवर सचिव म्हणून येऊन बसलो, तेव्हा ते तिथे जुने झालेले होते. वडील तिरोडीच्या खाणीत कामाला होते. त्या खाणीतला मॅंगनीजचा मुठीएवढा काळा दगड मेश्रामजींच्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असे. सकाळी सर्वांच्या आधी येऊन कुलूप उघडायचं, वर्तमानपत्रं लाकडी पट्ट्यांत अडकवायची, परत आलेली पुस्तकं फळीवर लावायची आणि या सगळ्यात अखंड बोलत राहायचं, हा त्यांचा दिनक्रम. बोलणं म्हणजे किती! पुस्तक घ्यायला आलेल्या माणसाला ते कुठलं गाव, कोणाचा जावई, धान कसं आहे, मागचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं की मधेच सोडलं, एवढं विचारल्याशिवाय तारखेचा शिक्का बसत नसे. मधेच सोडून दिलेलं पुस्तक ते पुन्हा त्याच्याच हातात देत. "आदी हे पुरं करा जी, मंग दुसरं नेजा."

आता सांगतो ती चूक माझी. लांजी, किरनापूरहून बसने पोरंपोरी येऊ लागली होती. पटवारी, पोलीस, वनरक्षक, शिक्षक, कसल्या कसल्या परीक्षांची तयारी. सकाळी येत आणि संध्याकाळपर्यंत उठत नसत. जागा अडवायला खुर्चीवर हेल्मेट ठेवत, ओढणी टाकून ठेवत. त्यांनी समितीकडे लेखी तक्रार दिली की हॉलमध्ये फार गोंगाट असतो, अभ्यास होत नाही. गोंगाट कोणाचा, ते त्यांनी लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मी जन्मभर वर्गात छडी आपटून शांतता केलेला माणूस. बैठकीत ठराव मांडला, स्वतःच्या हाताने लिहिला: वाचन-कक्षात कोणीही, कोणत्याही कारणास्तव बोलू नये, हा नियम कर्मचाऱ्यांनाही लागू राहील. शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं. पाटी रंगवून आणली, टेबलाच्या मागेच ठोकली आणि मनातल्या मनात खूश झालो.

मला वाटलं होतं, मेश्रामजी चिडतील, चार दिवस पाळतील आणि मग विसरतील. त्यांनी तो नियम असा पाळला की मलाच त्याची लाज वाटावी. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं पट्टीने फाडून त्यांनी चिठ्ठ्या केल्या आणि बिस्किटाच्या डब्यात घालून टेबलावर ठेवल्या. ज्याला काही विचारायचं त्याने चिठ्ठीवर लिहायचं आणि काळ्या दगडाखाली सरकवायचं. उत्तर चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मिळे. मी गेलो आणि सवयीने "काय मेश्रामजी" म्हटलं, तर बोटाने पाटी दाखवली. मग हात धरून बाहेर पायरीवर आणलं आणि म्हणाले, "सर, नियम तुमीच केला ना? मंग आता मले आतमंदी काहून बोलाऊन राह्यले?" चेहरा गंभीर, डोळे हसत होते. त्यानंतर आमच्या गप्पांची जागा ती पायरी झाली. समोरच्या टपरीवरून चहा यायचा आणि आत साठलेलं सगळं बोलणं ते माझ्यावर रितं करायचे.

पण चिठ्ठ्यांचं ते प्रकरण पुढे नुसतं हट्टाचं राहिलं नाही. पोरं हिंदीत लिहीत, हे हिंदीत उत्तर देत. पंखा का बंद आहे? "लाइट गई है, खिड़की वाली कुर्सी पर बैठो." जागेवरून दोन मुलींचं भांडण झालं तर दोघींना एकाच चिठ्ठीवर उत्तर दिलं आणि ते वाचायला दोघींना शेजारी बसावं लागलं. अबोल पोरं, जी तोंडाने कधी बोलली नसती, ती चिठ्ठीवर काय काय लिहीत... घरचे लग्न लावून देताहेत, काय करू? डोकं दुखतं, गोळी आहे का? एकदा तिरोडीकडच्या एका मुलीने चिठ्ठी सरकवली, वनरक्षकात नाव लागलं म्हणून. मेश्रामजींनी ती वाचली, उठले, तिला खुणेनेच बाहेर पायरीवर नेलं आणि तिथे उभं राहून असे ओरडले की हॉलमधल्या सगळ्यांनी माना वर केल्या. पायरी खोलीच्या बाहेर होती ना. नियम मोडला नव्हता.

दुपारी डबा खाल्ला की रजिस्टरवर हात टेकून, हातांवर डोकं ठेवून ते पंधरा-वीस मिनिटं झोपत. ती झोप सगळ्या हॉलला पाठ होती. त्या वेळात पोरं आपणहून रजिस्टरच्या मोकळ्या कोपऱ्यात येण्या-जाण्याच्या सह्या करत, चिठ्ठ्या दगडाखाली ठेवत आणि खुर्ची उचलून सरकवत. त्यांना उठवायचं नाही, हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी मी गेलो तो एक आनंदाची बातमी घेऊन. वाचनालयात येणारं एकुलतं एक मराठी वर्तमानपत्र बंद करावं, असं समितीतल्या काहींचं म्हणणं होतं. वाचणारे चार म्हातारे, त्यांच्यासाठी कशाला? मेश्रामजींनी सहा महिने त्यासाठी भांडण चालवलं होतं. रोज ते वर्तमानपत्र कोणकोण हातात घेतं याची वही ठेवली होती, म्हाताऱ्यांकडून सह्या घेतल्या होत्या. मला पायरीवर आपल्या मुलीचं सांगत, "सर, आमची प्रज्ञा मराठी बोलते, पन वाचाची गोष्ट आली का हिंदी धरते. आता हेही बंद केलं तं पुढच्याले समजन का, का आपून कोन होतो?" शेवटी अध्यक्ष तयार झाले आणि ते सांगायला मी साडेतीनला गेलो, तर हे झोपलेले. आज फारच लांबली यांची झोप, असं मनात आलं. आलं आणि गेलं. डब्यातून चिठ्ठी काढली, लिहिलं: "मेश्रामजी, मराठी पेपर सुरू राहणार. बाहेर या, चहा पाजा." दगडाखाली ठेवली आणि पायरीवर येऊन बसलो. दोन-तीन मिनिटं बसलो असेन. बायकोचा फोन आला, येताना मेथी आणा. एवढी चांगली बातमी आणली आणि हा गृहस्थ झोपा काढतोय, असं थोडं फणकाऱ्यानेच म्हणत मी बाजाराकडे निघालो.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. मी विचारलं, झोपेतच गेले ना? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही, त्रास बहुधा दुपारीच सुरू झाला असावा. मेश्रामजींच्या घरी पांढरे कपडे घातलेली माणसं जमत होती, कोणी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली होती. त्यांची मुलगी प्रज्ञा लांजीला शाळेत शिकवते, ती नुकतीच पोचली होती. तिची आई पूर्वीच गेलेली. घरात ती आणि बाप, दोघंच. मला पाहून जवळ आली आणि विचारलं, "काका, तुमी आज गेल्ते का लायब्ररीत?" मी म्हणालो, "नाही बेटा. आज नाही जमलं."

का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. हेडमास्तर म्हणून किती पोरांना खोटं बोलल्याबद्दल उभं केलं असेन! आणि माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं की मीच दचकलो.

दोन आठवड्यांनी एक मुलगी घरी आली. तिचं नाव मी लिहिणार नाही. ती टेबलाच्या समोरच्या खुर्चीवर बसायची. ओढणीशी चाळा करत म्हणाली, "सर, वो बीच में उठे थे. पानी पिया, कुछ लिखा. फिर मेरी तरफ हाथ से ऐसे किया." तिने तळवा खाली करून दोनदा हलवून दाखवला. "मुझे लगा, बोल रहे हैं कि कुर्सी की आवाज मत करो. मैंने सॉरी वाला इशारा किया और पढ़ने लगी." भरल्या हॉलमध्ये एक माणूस हात हलवत होता आणि समोरच्या पोरीला वाटलं, शांत राहायला सांगतोय. तिला दुसरं काय वाटणार होतं? मी तिला पाणी दिलं. म्हटलं, तुझा काही दोष नाही, तू नियम पाळलास. नियम कोणी केला, हे तिला माहीत नव्हतं. पाटीवर सचिवाचं नाव नसतं.

मागच्या महिन्यात एका रविवारी प्रज्ञा आली. दवाखान्यातून मिळालेली कपड्यांची पिशवी तिने इतके दिवस उघडली नव्हती. ती उघडली तेव्हा शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी निघाली. ती तिने माझ्यासमोर टीपॉयवर ठेवली. माझं अक्षर, फळ्यावर लिहून लिहून ठसठशीत झालेलं, ती ओळखत होतीच. मी काही बोलणार तोच तिने चिठ्ठी उलटी केली. मागे मेश्रामजींचं अक्षर होतं, नेहमीपेक्षा तिरकं, शेवटचा शब्द खाली घसरलेला.

"हौ. पाच मिनिट थांबा."

मी तिला सगळं सांगितलं. पायरी, फोन, मेथी, आणि त्या रात्री तिच्याशी बोललेलं खोटं. त्या मुलीचं तेवढं ठेवलं होतं, पण तेही अखेर सांगून टाकलं, कारण आता काही झाकायची मला भीती वाटत होती. ती ऐकत राहिली. रडली नाही. मग म्हणाली, "बाबाले आवाज देता आला असता का, काका? का देता येऊनही नाही देला?" मी या प्रश्नावर रोज विचार करतो. छातीत कळ आली असताना माणसाचा आवाजच निघत नाही, असं डॉक्टर सांगतात. पण लिहिता आलं, खुणावता आलं, चिठ्ठी खिशात घालता आली... मला माहीत नाही. मी तिला तेच सांगितलं, मला माहीत नाही. जाताना मी चिठ्ठी तिच्या हातात देऊ लागलो, तर तिने घेतली नाही. "तुमाले लिवली हाये, तुमीच ठेवा," म्हणाली. दारापर्यंत गेली, परत वळली आणि म्हणाली, "पेपर सुरू राह्यला, हे त्याहिनं वाचलं होतं ना? तेवढं तं समजलं त्याहिले."

त्याच आठवड्याच्या बैठकीत मी स्वतःचा ठराव रद्द करण्याचा ठराव मांडला. पाटी काढली, भिंतीवर चौकोनी डाग राहिला आहे. नवा ग्रंथपाल मिळेपर्यंत दुपारचं मीच टेबलावर बसतो आणि प्रत्येकाला मोठ्याने सांगतो, "बोला, काय पाहिजे?" पोरं गोंधळतात, इकडेतिकडे पाहतात आणि डब्यातली चिठ्ठी काढून लिहायला लागतात. कोणी टेबलावर डोकं टेकलं की माझ्याच्याने राहवत नाही, जाऊन खांदा हलवतो. परवा एक पोरगा डोळे चोळत वैतागून म्हणाला, "सर, जिंदा हूँ." सगळा हॉल हसला. मीही हसलो.

ती चिठ्ठी टेबलावर काळ्या दगडाखाली आहे, मागची बाजू वर करून. रोज साडेतीन वाजता मी उठतो, पायरीवर जाऊन बसतो. टपरीवाला न सांगता चहा आणून देतो, पहिल्या दिवशी चुकून दोन आणले होते. मी घड्याळ पाहतो आणि पूर्ण पाच मिनिटं थांबतो. मग उठून आत जातो.