गाडीसाठी गोडं पाणी

आमच्या गल्लीत नळ चार-पाच दिवसांआड येतात. मधले दिवस बोअरच्या पाण्यावर, आणि ते असं खारं की त्यात डाळ शिजत नाही अन् केसांच्या दोऱ्या होतात. अकोल्यात जन्म गेला, म्हणून मी तक्रार करत नाही. फक्त नळाच्या दिवशी माझ्याशी कोणी बोलायला येऊ नये. घरात आम्ही सात माणसं. अशा ठिकाणी शेजारचा माणूस नळाच्या गोड्या पाण्यानं गाडी धुतो, हे पाहून ज्याचं डोकं फिरणार नाही तो साधूच म्हणायचा.

हा शेजारी म्हणजे खुशालराव. मूर्तिजापूरकडे त्यांचा भाजीचा मळा. उभा जन्म कोबी-वांग्यांच्या पोत्यांवर बसून टेम्पोनं बाजाराला आले. पुढे गुडघे गेले, मळा पुतण्यांनी करायला घेतला, आणि साठीनंतर यांनी पहिली गाडी घेतली. गडद निळी. गडद रंगावर खाऱ्या पाण्याचा एकेक थेंब वाळून पांढरा ठिपका होतो, हे घेताना कोणी सांगितलं नाही. पहिल्याच महिन्यात बॉनेटवर देवीच्या व्रणांसारखे डाग उठले. त्या दिवशी खुशालराव जेवले नाहीत.

तेव्हापासून त्यांचा नेम सुरू झाला. ऊन चढायच्या आत धुवायचं, तापलेल्या पत्र्यावर पाणी टाकायचं नाही. टपापासून खाली यायचं. एका बादलीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायचं. चाकांचं फडकं वेगळं. जमिनीवर पडलेलं फडकं परत गाडीला लावायचं नाही, त्यात खडा असतो. पाखरानं घाण केली तर खरवडायची नाही, वर ओलं फडकं ठेवून भिजू द्यायची आणि अलगद उचलून घ्यायची. महिन्या-दोन महिन्यांनी सावलीत मेण लावायचं. धुणं सगळं बोअरच्याच पाण्यानं, पण शेवटची बादली मात्र गोड्या पाण्याची. ती वरून ओतायची आणि लगेच मऊ कापडानं टिपून घ्यायची. मी कधी गाडीला हात लावलेला नाही, पण भिंतीपलीकडून हे ऐकून ऐकून मला पाठ झालंय.

ती शेवटची बादली चोरीची असायची. त्यांच्या बायकोचा, रुख्मिणीबाईंचा, ड्रमवर पहारा असे. त्या देवपूजेला बसल्या की खुशालराव बादली बुडवत, आणि हमखास सापडत.

"काहो, माणसानं खाऱ्या पान्यानं आंग धुवाव अन् गाडीनं गोड्या? गाडी काय बाळंतीण हाय?"

"एक बादली तं हाय."

"एक बादली! उद्या दुधानं न्हाऊ घाला तिले."

खुशालराव मान खाली घालून हसत. मी भिंतीवरून रुख्मिणीबाईंची बाजू घेई. मग दोघं ओट्यावर बसून एका थाळीत खारी-टोस्ट घेऊन चहा पीत. अशी त्यांची सकाळ.

मागच्या वर्षी पुण्याला त्यांच्या मुलाला, योगेशला, मुलगी झाली. योगेश आणि सून वर्षाली, दोघंही नोकरीवर. रुख्मिणीबाई सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि सहाचं वर्ष झालं. खुशालरावही गेले होते, पण पंधरा दिवसांत परत. तिथं गाडी ठेवायला एकच जागा, ती योगेशची.

"गाडीसाठी बायको सोडली का भाऊजी?" मी चिडवलं.

ते हसले नाहीत. "गाडीचं निमित्त हाय, शकुन वैनी. तिले नात हाय. मले तिथं कोनाशी बोलाव तेच समजत नव्हतं. इथं निदान गाडी पुसतो."

एकट्या माणसाला पाणी किती लागणार? ड्रम भरलेलाच राहू लागला. आधी शेवटची बादली गोडी, मग दोन, मग अख्खी गाडी गोड्या पाण्यानं. चोरायची गरजच उरली नाही. मी चरफडत होते. पण बादली ड्रममध्ये बुडवताना ते अजूनही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहायचे, तेव्हा मात्र मला त्यांची कीव यायची.

रोज सकाळी रुख्मिणीबाईंचा फोन यायचा, तो स्पीकरवर. गुडघ्यांसारखेच कानही गेलेत, त्यामुळे सगळ्या गल्लीला ऐकू जायचा.

"नळ आले काय?"

"आले."

"गाडीले नाई न गोडं पानी?"

"नाई."

चक्क खोटं. पण हे विचारायला का होईना, रोज फोन येत होता.

आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रुख्मिणीबाई येणार होत्या. सासू-सासऱ्यांच्या नावानं घागर भरायची असते, ती त्यांनी कधी चुकवली नव्हती. खुशालरावांनी नवी घागर आणून ठेवली. गाडीला मेण लावलं. स्टेशनवर गाडी घेऊन जाणार होते. "एकदा आली म्हंजे जाऊ नाई देत आता," मला म्हणाले. "सांगूनच टाकतो, मले करमत नाई म्हनून."

आखजीच्या आदल्या दिवशी गाडी धुऊन झाली, आणि टिपायचं कापड हातात घेतलं तोच फोन वाजला.

"आवो, यंदा आखजी इथंच करू म्हनते वर्षाली. पोरगी लई लहान हाय, गाडीत तरास होते तिले. घागर काय, कुठीबी भरता येते. तुमीच या न इकडे."

खुशालराव कापड घेऊन ओट्यावर बसले. करमत नाही हे काही त्यांच्या तोंडून निघेना. मग एकदम म्हणाले, "म्या गाडी धुतली. सारी. गोड्या पान्यानं."

मी अंगणात कपडे वाळत घालत होते. हातातलं पातळ तसंच राहिलं. रागाव बाई, मी मनात म्हटलं, चांगली खडसाव त्यांना.

"धुवा न," पलीकडून आवाज आला, अगदी मायेचा. "तुमाले एकट्याले असं कितीक पानी लागते."

फोन खिशात गेला. खुशालराव तिथंच बसून राहिले. ऊन बॉनेटवर आलं, पाणी वाळलं, ठिपके उठले. गोड्या पाण्याचेही उठतात, फिकट असतात इतकंच. कापड त्यांच्या मांडीवर कोरडं पडून होतं.

थोड्या वेळानं आमचं फाटक वाजलं. खुशालराव दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन उभे.

"घ्या वैनी. आमच्या घरी उरते."

अशा वेळी मला रागावण्याशिवाय दुसरं काही येत नाही. "सालभर गाडीवर ओतलं, तवा नाई आठवली वैनी?" मी म्हटलं. "सात मानसं हाओत आमी! लाज नाई वाटली?"

खुशालरावांनी बादल्या खाली ठेवल्या. मान खाली घातली आणि हसले, अगदी पूर्वीसारखे. मी अजून काही बोलेन म्हणून ते तिथंच उभे राहिले.