नवव्या दिवसाची दाढी

माझा नवरा एलिहिओ न्हावी. बानी शहराजवळच्या आमच्या गावात त्याच्या वस्तऱ्याखालून न गेलेला गाल शोधून सापडला नसता. गेल्या वर्षी त्याचा हात थरथरायला लागला. एका गिऱ्हाइकाच्या कानाखाली रक्त आलं, त्याच दिवशी त्याने दुकानाला कुलूप घातलं. डोळे अधू झाले, असं गावाला सांगितलं. मला खोटं खपत नाही, पण मीही मान डोलावली. रोज कॉफी झाली की दार लावून मीच त्याची दाढी करायचे. हे बाहेर कळलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल, असं तो म्हणे.

मग तेलेस्फोरोची बायको एर्सिलिया गेली. तेलेस्फोरो त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. आमच्याकडे सुतकात पुरुषाने नऊ दिवस दाढीला हात लावायचा नाही. नवव्या दिवशी, शेवटच्या प्रार्थनेआधी, ती काढायची आणि स्वच्छ तोंडाने बायकोला निरोप द्यायचा. न्यूयॉर्कहून आलेल्या त्याच्या मुलीने बापासाठी दाढीचं विजेचं मशीन आणलं होतं. पण एवढी वाढलेली दाढी त्या मशीनला कापवेना, ते केस उपटायलाच लागलं. दुपारी म्हातारा आमच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याचा एक गाल लालभडक झाला होता आणि दुसरा तसाच होता.

"एलिहिओ, वस्तरा काढ."

"मला नीट दिसत नाही रे."

"स्वतःचा गाल बरा दिसतो तुला. रोज गुळगुळीत असतोस. आज एर्सिलियाला निरोप द्यायचाय, मी असा जाऊ?"

मी चुलीकडे तोंड फिरवलं. एलिहिओने कपाटातून वस्तरा काढला आणि धारेसाठी चामड्याच्या पट्ट्यावर ओढायला गेला, तर पातं चामड्यावर नाचायला लागलं. तेलेस्फोरो बघत राहिला.

"माझी दाढी नीदिया करते," एलिहिओ म्हणाला. "वर्ष झालं." आणि त्याने वस्तरा माझ्या हातात दिला.

तेलेस्फोरो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "वहिनी, नाक तेवढं जागेवर ठेवा."

"ठेवते. तुम्ही तोंड बंद ठेवा."

एक गाल झाला आणि त्याची हनुवटी हलायला लागली. तो रडत होता. मी हात थांबवला. एलिहिओने मागे उभं राहून दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. हात थरथरतच होते, पण डोकं स्थिर झालं. मग मी दुसरा गाल केला. मलाही धूसर दिसत होतं, ते मी बोलले नाही.

प्रार्थना झाल्यावर तेलेस्फोरोने ते मशीन आमच्या टेबलावर ठेवलं. "रोजच्या खुंटांना चालतं म्हणे. हात हलला तरी कापत नाही. तुला ठेव, वहिनींची कटकट तरी संपेल."

वर्षभर ज्या कामाच्या नावाने बोटं मोडली, तेच कोणी काढून घेईल म्हणून मी रात्रभर तळमळले.

सकाळी कॉफी झाल्यावर एलिहिओने मशीनचं बटण दाबलं. थोडा वेळ त्याची गुणगुण ऐकली आणि बंद केलं. मग तो उठला. दार लावायला उठला असेल, असं मला वाटलं. त्याने दार सताड उघडलं, खुर्ची ओढत पार रस्त्याच्या कडेला नेली, तिच्यात बसला आणि हनुवटी वर केली.

"नीदिया, ये लवकर," तो म्हणाला. "पाणी गार होतंय."