पायरीवर काढलेले बूट

माझा स्वभाव घाईचा. चेन्नईत लष्करी कारखान्यात चौतीस वर्षं भोंग्यावर काढली, निवृत्त झालो तरी कानातला भोंगा काही थांबला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच. त्या पिळापायी मी काय करून बसलो ते लिहून टाकतो, कारण घरात ते बोलायची सोय नाही.

बायकोला वीस वर्षांपासून साखर. तळपाय बधिर, फरशी गार आहे की गरम, हे ती मला विचारते. घरातसुद्धा पायात काहीतरी घालूनच वावरा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मुलगी चेन्नईतच, शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये. आमची ही जहाजाची सहल तिनंच ठरवली, आईसाठी मऊ तळाचे खास बूट करून घेतले, आणि विमानतळावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, बाकी काही करू नका. फक्त आईला अनवाणी चालू देऊ नका." एवढंही कळत नाही का मला, असं म्हणून मी तिलाच झापलं.

इटलीत जिनोआला जहाज सकाळी लागलं. झेंडेवाल्या गाइडमागं मेंढरांसारखं फिरायचं नाही, आपण पायी गाव बघायचं, हे माझंच फर्मान. ऑक्टोबरचा शेवट, आभाळ भरलेलं, झिमझिम चालू. बंदराबाहेर लगेच गल्ल्या, इतक्या अरुंद की खाली उजेड म्हणून पोचत नाही. दोऱ्यांवर कपडे ओलेच लोंबत होते. एका वळणावर मासळीचा वास आला तेव्हा ती म्हणाली, आपल्या चेन्नईजवळच्या कोवलमला बसमधून उतरल्यासारखं वाटतंय. दिवसभरात तेवढंच काय ती हसली. पुढं सगळा चढ. मी नेहमीसारखा दहा पावलं पुढं, आणि ती 'तुम्ही व्हा पुढं, येते मी' म्हणत मागं.

वर एक जुनं चर्च लागलं, काळ्यापांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांचं. तिला आत जायचं होतं. आम्ही पडलो चेन्नईची माणसं. बेझंट नगरला वेलंकन्नी मातेच्या चर्चमध्ये जातानाही लोक चपला बाहेर काढतात. तिनं बूट काढले, मोजे त्यात कोंबले, पायरीच्या कडेला नीट लावून ठेवले आणि मला लक्ष ठेवायला सांगितलं. इथं कुणीच बूट काढत नव्हतं, ते मला दिसत होतं. पण वाद घालण्यात आणखी वेळ जाईल म्हणून गप्प बसलो. मग वरून बंदर दिसतं का ते बघायला कोपऱ्यापर्यंत गेलो, चार फोटो काढले. परत येतो तर ती पायरीवर उभी, आणि बूट गायब. कुणी नेले की कचरा समजून उचलले, देव जाणे. आत विचारायला गेलो तर भाषेची बोंब.

जहाज सुटायच्या तासभर आधी परत पोचायचं होतं. माझं डोकं फिरलं. भर रस्त्यात तिला नाही नाही ते बोललो आणि उताराला लागलो. वाटेत चपलांचं एक दुकान उघडं दिसलं. बघू या का, असं तिनं विचारलं. मी घड्याळ दाखवलं. ओले, गार दगड, आणि ती भिंतीला हात टेकवत माझ्यामागं. अर्धा तास मी एकदाही वळून बघितलं नाही. आणि माझ्या पायात बूट होते. नऊ नंबरचे, आत जाड मोजे. ते काढून तिला द्यावेत, निदान मोजे तरी, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. का आलं नाही, ते मला अजून कळत नाही.

जहाजाच्या दारात तपासणीवाल्यानं आम्हाला थांबवलं आणि खाली बोट दाखवलं. पायपुसण्यावर लाल ठसे उमटले होते. तिनंही वाकून पाहिलं, मग घाबरून माझ्याकडे वळली.

"अहो, तुम्हाला लागलं का कुठं?"

त्या दिवशी जहाज चाळीस मिनिटं उशिरा सुटलं.

जहाजावरच्या डॉक्टरांनी तिच्या तळव्यातून काच काढली, पट्टी बांधली. मी वरच्या दुकानातून तिच्यासाठी चपला आणल्या. बैल गेला नि झोपा केला. चेन्नईला परतेपर्यंत जखम काळी पडली होती. आधी अंगठा गेला, मग पाऊल, आणि पोंगलच्या आत गुडघ्याखालचा पाय.

मुलीनं हे झालं कसं म्हणून विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत हिनंच सांगून टाकलं की बाबा नको म्हणत असताना मीच बूट काढले, आणि नंतर कुठलं दुकान उघडं मिळालं नाही. मुलगी आईवर चिडली, मग तिच्याच गळ्यात पडून रडली. ती गेल्यावर मी म्हटलं, तिला खरं काय ते सांगतो, मला हे सहन होत नाही. ही भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"पाय गेला तो गेला. आता पोरीचा बाप कशाला घालवता?"

मुलगी दर रविवारी येते. परवा मी जमिनीवर बसून हिच्या पायात बूट चढवत होतो, लाकडासारखा तो दुसरा, कृत्रिम पाय भिंतीला टेकवून ठेवलेला. मुलगी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"आई, बाबा किती करतात गं तुझं."

मी मान वर केली नाही. नाडी बांधत राहिलो.

"हो," ही म्हणाली. "करतात."