टाळू भरताना

माझ्या भाचीचा नवरा अमेरिकेत फुटबॉल खेळायचा. आपल्याला माहीत असलेला फुटबॉल नव्हे, तिकडचा. ज्यात पायापेक्षा डोकं जास्त वापरतात, आणि तेही विचार करायला नव्हे. पगारी खेळाडू होता, अंगापिंडाने दाराएवढा. गुडघ्यांनी दगा दिल्यावर खेळ सुटला आणि भाचीच्या बँकेतल्या नोकरीमागोमाग तो सिंगापूरला आला. लग्नात आम्ही बायकांनी त्याची खूप थट्टा केली होती, याला ओवाळायला स्टूल आणा म्हणून.

मुलगी झाली आणि भाचीची रजा संपत आली तेव्हा तिचा फोन आला. "मावशी, रोज सकाळी येशील का? बाळाला तेल लावायला, आंघोळ घालायला." मी नुकतीच अकाउंट्सच्या नोकरीतून मोकळी होऊन सिंगापूरमध्येच, सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये माशा मारत बसले होते. तिच्या घरी, चोआ चू कांगला जायला एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बदलावीही लागत नाही. मी लगेच हो म्हटलं.

पहिल्याच दिवशी ती मला घ्यायला खाली आली आणि लिफ्टची वाट बघताना म्हणाली, "एक सांगू? त्याला बाळाजवळ एकटा सोडू नकोस. तो वाईट नाहीये गं. पण कधी कधी तो असतो आणि नसतो." मग तिने सांगितलं की मार्केटला गेलेला तो एकदा संध्याकाळपर्यंत एमआरटीत बसून होता, कारण कुठे उतरायचं हेच त्याला आठवेना. गॅसवर दूध ठेवून तो बाल्कनीत उभा राहायचा. खेळातल्या धडकांनी मेंदू बिघडल्याचा डॉक्टरांना संशय होता, पण पक्कं मेल्यावरच कळतं म्हणे, मेंदू उघडून. त्याच्या शेजारी उभं राहून खेळणाऱ्या मित्राचं तसंच कळलं होतं. मी बाळाला सांभाळायला आले आहे की बाळाच्या बापाला, हे मला तेव्हा कळलं.

बाळाला उभ्याने उचलायचं नाही, हा नियम मात्र त्याचा त्यानेच केला होता. तो भिंतीला टेकून जमिनीवर बसायचा. बसायलाच त्याला वेळ लागायचा, एक हात सोफ्यावर, एक भिंतीवर, आणि गुडघ्यांचा करकर आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. नीट बसला की तो मला मान हलवून सांगायचा, मग मी पोर त्याच्या मांडीवर द्यायची. त्याची बोटं तीन दिशांना वाकलेली. त्या बोटांनी तो तिच्या झबल्याचे बंद सोडायला बघायचा आणि मी बघून न बघितल्यासारखं करायची. "एकदा हिला घेऊन मी एकटा खाली बागेत जाऊन येणार," असं तो रोज म्हणायचा. बाकी त्याला काही नको होतं. मी रोज म्हणायची, उद्या बघू.

सोमवारी सकाळी टीव्हीवर तिकडचे सामने लागायचे, तिथली रविवारची रात्र. तो आवाज बंद करून बघायचा. एकदा बाळाला भरवताना मीही बघत होते. धडक झाली, सगळे उठले, एक जण उठला नाही. बाकीचे त्याच्याभोवती गुडघे टेकून बसले. मग जाहिरात लागली, कुरकुरीत कसल्यातरी चिप्सची. जाहिरात संपली तेव्हा ती हिरवळ मोकळी होती आणि खेळ सुरू झाला होता. मी वळून बघितलं तर तो बाल्कनीत जाऊन कठडा धरून उभा होता. त्या पडलेल्या माणसाचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही, आणि अजूनही चिप्सचं पाकीट फोडताना तो मला दिसतो.

तेल लावण्यावरून मात्र आमचं वाजलं. आपल्याकडे बाळाची टाळू भरतात. डोक्याची हाडं अजून जुळलेली नसतात, तिथे तेल घालायचं आणि तळव्याने हलकेच थापटून जिरवायचं. माझ्या आईने आम्हा सगळ्यांची भरली, मी माझ्या दोघांची भरली. तो सहसा त्या वेळी झोपलेला असायचा. त्या दिवशी तो उठून आला, दारात थांबला, आणि मी थाप, थाप, थाप करते आहे हे त्याने बघितलं. पुढच्या क्षणी माझं मनगट त्याच्या मुठीत होतं.

"डोक्याला नाही," तो म्हणाला. इंग्रजीत, हळू आवाजात. "मावशी, डोक्याला नाही."

मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. मला पोरं वाढवायला शिकवतो! मी म्हटलं, "अहो, हे काय मारणं आहे? हात लागतोय न लागतोय."

त्याने माझा हात सोडला. मनगटावर त्याची बोटं उमटली होती, ती त्याला दिसली आणि त्याचा चेहरा पडला. तो खाली बसला, नेहमीसारखा भिंत धरून. "मोठ्या धडका मला आठवतात," तो म्हणाला. "त्यांची सगळ्यांना काळजी होती. स्ट्रेचर यायचं, डॉक्टर यायचे. पण मला त्यांनी नाही संपवलं. रोजच्या सरावातल्यांनी संपवलं, लागतंय न लागतंय अशा. त्या कोणी मोजल्याच नाहीत."

थापटणं मी त्या दिवसापासून बंद केलं. नुसतं बोटाने तेल ठेवायची. तो शेजारी बसून त्या मऊ जागेची धडधड बघत राहायचा.

एका सकाळी त्याने विचारलं, "ही जागा बंद कधी होते?"

"दीड वर्षापर्यंत."

"आणि आत्ताचं काही तिला पुढे आठवेल?"

"छे, एवढ्या लहानपणीचं कोणालाच आठवत नाही."

तो म्हणाला, "म्हणजे हे दिवस तिलाही आठवणार नाहीत आणि मलाही. मग तू बघून ठेव." आणि भिंतीला हात लावून तो उभा राहिला, वाकला, आणि त्याने लेकीला उचललं.

त्याला मी नाही म्हणू शकले नाही. मी एवढंच म्हटलं, "मी मागे मागे येते."

खाली तरण तलावाच्या कडेने आम्ही पूर्ण फेरी मारली. तो एकेक पाऊल जपून टाकत होता, मी त्याच्या कोपराशी हात धरून. पोरगी त्याच्या खांद्यावर गाल टेकून लाळ गाळत होती. त्याने तिला फुलं दाखवली, पाण्याचे नळ दाखवले, माळीकाकांना हात करायला लावला. एकदाही तोल गेला नाही. मी मनात म्हटलं, भाचीला आज सांगायचं, उगाच घाबरतेस, अगदी छान सांभाळतो तो.

परत आलो तेव्हा तो दमला होता. लिफ्टपाशी त्याने बाळ माझ्याकडे दिलं, आत शिरून दार धरून ठेवलं, आणि बटणांवर बोट ठेवून माझ्याकडे वळला.

"कितवा मजला?" त्याने अदबीने विचारलं.

मी सांगितला. त्याने बटण दाबलं. मग वाकून त्याने पोरीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हसला.

"गोड आहे," तो म्हणाला. "किती महिन्यांची?"

"सात," मी म्हटलं.